आपण मला जे सांगितले नाही, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या मुलाची आपल्याकडची कला मानसोपचाराची, म्हणजे चित्रे आणि मातीकाम यांच्या आधाराने होणाऱ्या उपचाराची, शेवटची भेट झाली, तेव्हा मी नुसते हात जोडले आणि जिना उतरलो. बोलायचे बरेच होते, पण शब्द फुटला नाही. ते आज लिहितो आहे, आणि चारचौघांत लिहितो आहे, कारण मी केलेल्या चुका करण्याच्या बेतात असलेले आईवडील आजही आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेले असतील.

एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील करोनाने गेले. रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली, तेव्हा आठ वर्षांचा नातू गॅलरीतून पाहत होता. त्यानंतर आजोबा घरी आले नाहीत आणि त्यांचे पार्थिवही आले नाही. मी त्याला सांगितले की आजोबा गावाला गेले आहेत. खरे सांगितले ते दोन महिन्यांनी, तेही जेवता जेवता, घाईने. त्याने मान हलवली आणि पुढचा घास घेतला; पोर समजूतदार आहे, असे म्हणून आम्ही मोकळे झालो. शाळा पुन्हा भरू लागल्यावर मात्र तो वर्गात बोलेनासा झाला, रोज सकाळी त्याचे पोट दुखू लागले आणि रात्री अंथरूण ओले होऊ लागले. बालरोगतज्ज्ञांच्या तपासण्यांत काही निघाले नाही, तेव्हा त्यांनीच आपले नाव सुचवले. शाळेने निराळाच सल्ला दिला होता: मुलाचा हात चांगला आहे, चित्रकलेच्या क्लासला घाला, पुढे एलिमेंटरीच्या परीक्षेलाही उपयोग होईल.

खरे सांगायचे तर आपल्याकडेही क्लासच असेल, असेच मी धरून चाललो होतो. म्हणून पहिल्या गुरुवारी पन्नास मिनिटे संपताच मी विचारले, ‘आज काय काढले त्याने?’ आपण शांतपणे म्हणालात की त्याला दाखवावेसे वाटले तर तो दाखवेल. त्याच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला लगेच कळवाल, एरवी चित्रे त्याच्या फोल्डरमध्ये राहतील आणि फोल्डर आपल्या कपाटात. मला राग आला. फी मी भरतो आणि माझ्याच मुलाचे चित्र मला दिसत नाही, हे काही केल्या पचेना. पुढे एकदा अर्धवट उघड्या दारातून मला काळ्या रंगाने भरलेला अख्खा कागद दिसला, आणि मोबाइलवर वाचलेल्या अर्धवट माहितीच्या बळावर मी आपल्याला विचारले की काळा रंग म्हणजे नैराश्य ना? ‘डब्यात तोच तैलखडू सर्वांत लांब उरला होता, हेही कारण असू शकते,’ असे आपण म्हणालात. त्या उत्तराने माझे अर्धे वेड उतरले.

कागदावर एकाने डोळे मिटून रेघोटी ओढायची आणि दुसऱ्याने तिच्यातून काहीतरी काढायचे, हा खेळ तो आपल्याकडून शिकून घरी आला. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट मुलांशी पहिल्या भेटीत हाच खेळ खेळत, हे मला नंतर समजले. माझ्या रेघोटीचा त्याने बेडूक केला आणि कित्येक महिन्यांनी तो मोठ्याने हसला. खरे-खोटे, चूक-बरोबर असे काहीच नसलेली ती आमची बऱ्याच दिवसांतली पहिली गोष्ट होती.

एकदा पालकांच्या भेटीत मी विचारले होते की ही चित्रे एवढी जपायची कशासाठी. तेव्हा आपण ऑस्ट्रियन चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांच्याविषयी सांगितले होते. तेरेझिनच्या नाझी छळछावणीत त्या मिळेल त्या कागदावर मुलांकडून चित्रे काढून घेत आणि प्रत्येकाने चित्रावर आपले नाव घालावे, असा आग्रह धरीत. १९४४ मध्ये आउश्वित्झला नेले जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसांत भरून लपवली. फ्रीडल स्वतः वाचल्या नाहीत, चित्रे वाचली, आणि ती आज प्रागच्या यहुदी संग्रहालयात आहेत. त्यांच्या विद्यार्थिनी इडिथ क्रेमर यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये मुलांबरोबर काम करताना असे मांडले की चित्र घडवणे हाच उपचार आहे. याच क्षेत्रातल्या अमेरिकेच्या मार्गारेट नाउमबर्ग यांचा भर मात्र चित्रातून बाहेर येणाऱ्या अबोध मनावर होता. या वादात माझ्यासारख्याने पडू नये, पण आमच्या घरचा अनुभव क्रेमरबाईंच्या बाजूने झुकतो. ब्रिटनमध्ये नोंदणी असल्याशिवाय ‘कला मानसोपचारक’ ही उपाधी लावता येत नाही आणि भारतात मे महिन्यातल्या रंगकाम शिबिरालाही ‘आर्ट थेरपी’ म्हणतात, हे आता मला खटकते.

सात-आठ महिन्यांनी आपण मला आत बोलावले, कारण त्यानेच तसे सांगितले होते. टेबलावर बुटाचे एक खोके होते आणि त्यात शाडूच्या मातीचे तुकडे होते. तो दर आठवड्याला चष्मा करायचा, न भाजलेली काडी वाळली की मोडायची, आणि मोडलेला प्रत्येक तुकडा आपण खोक्यात ठेवू दिला होता. माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, ‘आजोबा गावाला गेले होते, तर त्यांचा चष्मा घरीच कसा?’ आपण एक शब्दही बोलला नाहीत. मी खोटे बोललो होतो, हे कबूल करायला मला त्या शांततेत किती वेळ लागला ते आठवत नाही. त्याने मात्र माझ्यासमोर मातीचा एक गोळा सरकवला.

त्यानंतर तो लगेच बरा झाला असे नाही. वर्गात हजेरी देण्याइतपत आवाज फुटायला आणखी चार महिने गेले, आणि आजही अनोळखी माणसांत तो गप्पच असतो. पण पोट दुखत नाही, आणि आजोबांविषयी तो स्वतःहून बोलतो, कधी कधी तक्रारीच्या सुरात.

शेवटच्या दिवशी आपण सगळी चित्रे जमिनीवर मांडून त्याला काय न्यायचे ते ठरवू दिले, एवढेच मला ठाऊक आहे. फोल्डर त्याने आपल्याकडेच ठेवले आणि खोके घरी आणले. ते आता आजोबांच्या खऱ्या चष्म्याशेजारी कपाटात आहे. फोल्डरविषयी मी त्याला काही विचारलेले नाही.

आपल्याकडची शाडू बहुतेक आमच्या चिरंजिवांनीच संपवली. या गणपतीत पेणला जाणे झाले, तेव्हा पाच किलोची पिशवी घेतली आहे. येत्या गुरुवारी आपल्याकडे पोचती करतो.

आपला कृतज्ञ,
एक वडील
पुणे