घटस्फोट झाला, केस मात्र चालूच: केंद्रीय कायदामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री,
स. न. वि. वि.

जिल्हा न्यायालयाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून मी टायपिंग करतो. घटस्फोटाचे अर्ज, पोटगीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, येईल ते. मी वकील नाही. पण वकीलसाहेब आत कोर्टात असतात आणि पक्षकार बाहेर माझ्या बाकावर. साहेबांना विचारायला जीभ रेटत नाही ते सगळे प्रश्न मग माझ्यापाशी येतात.

‘सासरच्या छळाची पोलिसांत केस टाकली की घटस्फोट लवकर मिळतो का?’ नाही हो, फिर्याद वेगळी आणि दावा वेगळा. ‘ते निर्दोष सुटले, आता माझा दावाही गेला का?’ तसंही नाही. फौजदारीत आरोप संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कौटुंबिक न्यायालयात पुराव्याची पट्टी एवढी कडक नसते. ‘उद्या सकाळी सगळ्यांना उचलून नेतील का?’ हे बहुधा सासूबाई विचारतात. अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावलं आहे की असल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही. गरज काय हे पोलिसांनी लिहून द्यायचं, नाहीतर नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं. हे सांगितलं की त्या निदान पाणी तरी पितात.

पण हे पत्र एका वेगळ्या प्रश्नासाठी आहे. तो कोणी घाबरून विचारत नाही, सुटल्यासारखं हसत विचारतं: ‘आमचं मिटलं. आता केस संपली ना?’

मागच्या महिन्यात एक ताई आल्या. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा, खाली तडजोडीच्या अटी. त्या अटी मीच टाइप केलेल्या. ठरलेली रक्कम तीन हप्त्यांत; दोन हप्ते मिळाले, तिसरा ‘फौजदारी प्रकरण रद्द झाल्यावर’. त्या म्हणाल्या, ‘दादा, केस मागे घेतल्याचा अर्ज करून द्या.’

‘ताई, तो अर्ज इथे चालत नाही.’

‘पण केस तर इथेच आहे ना?’

मंत्रिमहोदय, याला काय उत्तर द्यायचं ते मला आजही नीट जमत नाही. सासरच्या छळाचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत ८५ झालं. १ जुलै २०२४ ला नंबर बदलला, अडचण तीच राहिली. कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात त्याची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा त्या नव्या कायद्याच्या, कलम ३५९ मध्ये आहे. त्या यादीत हे कलम नाही. त्यामुळे ज्या न्यायाधीशासमोर केस चालू आहे, त्यांच्यासमोर दोघं हात जोडून उभे राहिले तरी त्यांना ती मिटवता येत नाही. उच्च न्यायालयात जायचं, त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली केस रद्द करण्याचा अर्ज करायचा, तिथला वकील वेगळा, ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र वेगळं, आणि बऱ्याचदा फिर्यादीने जातीने हजर राहायचं. ताईंची नोकरी रोजंदारीची आहे. ज्या नात्यातून सुटायला त्यांनी सही केली, त्याच्याच कागदासाठी आणखी एका शहराच्या खेपा. आणि हक्काचा तिसरा हप्ता तोवर अडकलेला. या नियमाचा त्रास आरोपीलाच होतो असं दिल्लीत कोणाला वाटत असेल, तर त्यांनी एक दिवस माझ्या बाकावर येऊन बसावं.

मी काही नवीन मागत नाही. विधी आयोगाने २०१२ च्या २४३ व्या अहवालात सांगितलंय की हा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने तडजोडयोग्य करा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केंद्राला तेच सुचवलं. संमतीने रद्द करून घ्यायचे असे रोज किमान दहा अर्ज आपल्यासमोर येतात, असं त्यांनीच नोंदवलं. आंध्र प्रदेशाने तर २००३ मध्येच आपल्यापुरता कायदा बदलला होता. एवढं सगळं समोर असताना नव्या संहिता लिहिल्या गेल्या आणि ही ओळ घालायची राहिली.

आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. तडजोडीची वाट सोपी केली की माहेरचे, सासरचे, गावातले चार जण मुलीला धरून बसवतील आणि ‘मिटव’ म्हणतील. असं मिटवायला लावलेल्या मुली मीही पाहिल्यात. सही करताना अंगठ्याने पेनाचं टोपण काढघाल करत असतात. पण आंध्रने त्यावर उपाय केला होता. अर्ज दिल्यापासून किमान तीन महिने थांबायचं, आणि त्या काळात कोणीही माघार घेऊ शकतं. त्यात एवढंच घाला की न्यायाधीशांनी फिर्यादीशी एकटीशी बोलावं, नातेवाइकांना बाहेर बसवून. हे काम जवळचं कोर्ट लांबच्या कोर्टापेक्षा चांगलं करेल, कारण केसचा कागदन् कागद त्याच्याच कपाटात असतो.

संहिता गृहखात्याकडे आणि विवाहाचा कायदा तुमच्याकडे, हे मला माहीत आहे. म्हणजे वरही दोन दारं आहेतच! पण दोन्ही खात्यांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसतात, तेव्हा बोलणं अवघड नसावं.

तोवर एक काम विनाखर्च होईल. फिर्याद नोंदवल्यावर दोन्ही बाजूंना साध्या मराठीत एक पान द्यायला सांगा: ही केस घटस्फोटाने संपत नाही, तुम्ही दोघं म्हणालात तरी इथे मिटत नाही, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे शेवटचं वाक्य मी स्वतः आजवर इतक्या जणींना सांगितलंय, आणि निम्म्या जणी तेव्हा पहिल्यांदा ऐकत होत्या.

ताईंच्या प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा माझ्या संगणकावर आहे. ‘माझी आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही’ या ओळीवर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, ‘पैसे राहिलेत हे कुठे लिहायचं?’

आपला नम्र,
कोर्टाबाहेरचा एक टायपिस्ट