मोजायची पट्टी बाबांच्या हातात देणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही चाकं बदलून दिलेली गाडी उत्तम आहे, हे आधी सांगते. परवा पाचही जण बसून अक्कलकोटला जाऊन आलो. वळसंगच्या पुढे प्रत्येक गतिरोधकावर मी कान देऊन होते, पण मागून घासल्याचा आवाज एकदाही आला नाही. बाबा डाव्या बाजूला मागे बसले होते, म्हणजे जिथे कुणी बसलं की टायर मडगार्डच्या कडेला लागायचा, नेमके तिथेच. येताना ते चक्क झोपले. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच.

ती आधीची रुंद मॅगव्हील, म्हणजे शोभेची अलॉय चाकं, आम्ही बसवलेली नव्हती. आधीच्या मालकाच्या हौसेची ती चाकं गाडीबरोबरच आमच्याकडे आली. चारही चाकं मडगार्डच्या बाहेर. पावसात दारांवर काचेपर्यंत चिखल उडायचा. त्याचं एक वेळ चालतं, पण होटगी रोडवर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यांच्या अंगावर खडे उडायचे आणि ते मला आरशात दिसायचं. घरी आल्यावरही ते डोक्यातून जायचं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी काय काय ऐकलं, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. एका दुकानात ग्राइंडरने मडगार्डची कडच कापायला निघाले होते. चाक चुकीचं आहे आणि कापायचं मडगार्ड! दुसऱ्याने स्प्रिंगमध्ये रबरी बफर घातले. गाडी तेवढी उंच झाली, पण इतकी टणक झाली की प्रत्येक खड्डा बाबांच्या कमरेत बसायला लागला. चाक होतं तिथेच राहिलं. तिसऱ्याने तर मी बोलत असताना मोबाइल बघत सांगितलं, ‘मॅडम, मिस्टरांना पाठवून द्या, तुम्हाला नाही कळणार.’ आणि बाबा चाकाजवळ वाकून बघायला गेले तर, ‘आजोबा, तुम्ही जरा बाजूला बसा.’ पैसे घेताना मात्र मिस्टरांची आठवण कुणालाच झाली नाही. अण्णा, त्या वाक्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

एमआयडीसीतल्या तुमच्या गॅरेजवर आलो तेव्हा मी भांडायच्याच तयारीने आले होते. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा केलात आणि तो मडगार्डच्या कडेवरून खाली सोडलात. चाक किती सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बाहेर आहे ते मोजायला वाकलात, आणि तेवढ्यात तुमचं लक्ष बाबांकडे गेलं. ते लांब उभं राहून बघत होते. तुम्ही विचारलंत, ‘बाबा, कुठं होता कामाला?’ ते म्हणाले, ‘नरसिंग गिरजी मिलला. फिटर.’

तुम्ही उठलात आणि पट्टी त्यांच्या हातात दिलीत. ‘मग तुम्हीच बघा. माझ्यापेक्षा तुमचा डोळा पक्का.’

अण्णा, गिरणी बंद पडल्यापासून बाबांच्या हातात कामाचं हत्यार कुणी दिलं नव्हतं. घरात आम्हीही नाही. आम्ही त्यांना औषधं देतो, पेपर देतो, नातवंडं देतो. ते गुडघ्यावर हात टेकून खाली बसले, झुलता दोरा दोन बोटांनी शांत केला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, ‘इंचाला एक सूत कमी.’ तुम्ही तपासायला पुन्हा पट्टी लावली नाहीत. शटरवर खडूने ‘७ सूत’ लिहिलंत आणि पुढचा हिशेब त्यावरच केलात. सगळ्या कामात मला लाख मोलाची वाटली ती तुमची ही न लावलेली पट्टी.

आणि तो हिशेब तुम्ही माझ्याकडे बघून सांगितलात, म्हणून आज मी तो कुणालाही सांगू शकते. मूळ डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते धातूचं चाक, साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५, म्हणजे चाक गाडीला जिथे टेकतं ती जागा रुंदीच्या मध्यापासून ४५ मिलिमीटर बाहेरच्या अंगाला. आमच्या गाडीला बसवलेली सात इंची, ऑफसेट २५. ऑफसेट वीसने कमी झाला की अख्खं चाक २० मिलिमीटर बाहेर येतं. रुंदी दीड इंचाने वाढली, तिच्यातली निम्मी बाहेरच्या बाजूला, म्हणजे आणखी १९. झाले ३९. मूळचं चाक मडगार्डच्या थोडं आत असतं, म्हणून बाहेर दिसत होते बाबांचे सात सूत, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर. स्टिअरिंग खड्ड्यात हातातून का ओढलं जातं, बाहेर गेलेल्या भाराने बेअरिंग लवकर का जातं, हेही तुम्ही त्यातच समजावलंत. पाच मिनिटं लागली असतील. इतकी दुकानं फिरलो, पण या पाच मिनिटांना कुणी तयार नव्हतं.

मग सहा इंची, ४५ ऑफसेटच्या डिस्क तुम्ही कुठून, कशा मिळवल्यात, तो तुमचा प्रांत. पण ‘टायर चांगले आहेत, तेच चढवू, उगाच खर्च कशाला’ हे तुम्ही आपणहून म्हणालात. मला तर ते विचारायचंही सुचलं नसतं. डिस्कचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या उंचवट्यापेक्षा, मोठं होतं, त्यासाठी रिंगा घातल्यात. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं ते त्यानेच थांबलं. ते बफरही काढून टाकलेत आणि त्याचे पैसे लावले नाहीत. आता चाक मूळच्यापेक्षा दोन सूतच बाहेर आहे आणि मडगार्डच्या पुरतं आत. हेही बाबांनीच मोजलं, तुमच्याच दोऱ्याने.

आपल्या सोलापुरात हाताने काम करणारी माणसं घरोघरी आहेत. कुणी मागावर, कुणी विडीला, कुणी गिरणीत, कुणी गॅरेजमध्ये. तरी काउंटरच्या पलीकडे गेलं की काही जणांना समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसेनासं होतं. तुम्हाला दिसलं. तुम्ही मला ‘अक्का’ म्हणालात आणि त्यानंतर प्रत्येक प्रश्न मलाच विचारलात, कारण गाडी मी चालवते. काम येणारी माणसं या शहरात पुष्कळ असतील. समोरच्याला कमी न लेखता ते करणारी मला फार भेटली नाहीत. तुमच्याकडची ती दोन पोरं तुमच्या बोलण्याकडे बघत होती, तीही असंच बोलायला शिकतील, याचा मला फार आनंद आहे.

बाबांनी माळ्यावरून त्यांची हत्याराची पेटी काढली आहे. पाने तेल लावून पुसून ठेवले आहेत. त्यांतला एक जुना रिंगपाना तुम्हाला द्यायचा असं त्यांच्या मनात आहे. नाही म्हणू नका. त्यासाठी ते स्वतः गॅरेजवर येणार होते, पण मीच म्हटलं, अण्णांनाच घरी बोलावू. येत्या रविवारी दुपारी वहिनींना आणि त्या दोन्ही पोरांना घेऊन जेवायला या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं असा बेत आहे. आई म्हणते, तिखट चालतं ना तेवढं आधी कळवा.

तुमची,
जुळे सोलापूरची अक्का