पोकरमध्ये चेहरा नाही, हात बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पोकरबद्दल पेपरात काहीही छापून आलं की त्यात एक गोष्ट हमखास असते, कसलेला खेळाडू समोरच्याच्या डोळ्यात बघतो आणि त्याच्याकडे कुठले पत्ते आहेत ते ओळखतो. मी बरीच वर्षं लाइव्ह पोकर खेळतोय आणि ही गोष्ट खरी मानून नवीन मुलं चांगले चांगले पैसे घालवून बसताना बघतोय, म्हणून हे लिहायला घेतलं, थोडं लांबलं तरी छापा ही विनंती.

टेल, म्हणजे पत्ते कसे आहेत ते नकळत उघड करणाऱ्या खुणा, असतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बघायची जागा चुकते. टेबलावर बसणारा प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून तोंड सरळ ठेवायला शिकतो, कोणी गॉगल लावतो, कोणी हूडी डोक्यावर ओढतो, म्हणजे सगळी राखण चेहऱ्याची चाललेली असते आणि हात मात्र उघडे असतात. 2013 साली सायकॉलॉजिकल सायन्स या जर्नलमध्ये यावर एक अभ्यास आला होता, 2009 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेच्या क्लिप्स कॉलेजच्या मुलांना दाखवल्या, काहींना खेळाडूचा फक्त चेहरा दिसेल अशा, काहींना फक्त हात चिप्स (पैशांच्या जागी लावायच्या चकत्या) पुढे ढकलताना दिसतील अशा, आणि पत्ते किती भारी असतील याचा अंदाज करायला सांगितलं. फक्त हात बघणाऱ्यांचे अंदाज नुसत्या नशिबापेक्षा बरे आले, आणि चेहरा बघणाऱ्यांना त्याचा काही फायदा झाला नाही, उलट अंदाज चुकीकडेच झुकले. चिप्स सहज, न अडखळता पुढे सरकवणाऱ्याकडे पत्ते जास्त चांगले निघाले. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही हे मान्य, पण टेबलावर बसून जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं.

आता हात बघायचे म्हणजे नेमकं काय, तर सगळ्यात जास्त गैरसमज थरथरणाऱ्या हाताबद्दल आहे. मोठी बेट (पैज) लावताना समोरच्याचे हात थरथरले की नवीन खेळाडू म्हणतो घाबरलाय, ब्लफ आहे, म्हणजे पत्ते नसताना नुसता दम देतोय, आणि कॉल करतो, म्हणजे तेवढेच पैसे घालतो. बहुतेक वेळा उलटं असतं. ज्याला सेट (तीन सारखे पत्ते) लागलाय किंवा फ्लश (पाचही पत्ते एकाच रंगाचे, सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक असे) पूर्ण झालाय त्याचं आतलं टेन्शन एकदम सुटतं आणि ते हातात दिसतं, ब्लफ करणारा मात्र स्वतःला आवळून धरतो, बोलणं कमी होतं, हालचाल थांबते, श्वाससुद्धा जपून घेतो कारण त्याला कोणाचं लक्ष नकोच असतं. म्हणून मोठी बेट लावून झाल्यावर जो मोकळेपणाने गप्पा मारतोय, खुर्चीत ऐसपैस बसलाय, त्याला मी सहसा कॉल करत नाही. अर्थात एखाद्याचे हात पहिल्या हँडपासूनच (डावापासूनच) थरथरत असतील तर त्याला काहीच अर्थ नाही, काही माणसांचे हात थरथरतातच. एरवी तो कसा वागतो आणि आत्ता काय बदललं एवढंच बघायचं.

आणि हे एरवीचं वागणं कधी कळणार? तुम्ही फोल्ड केलेलं, म्हणजे पत्ते टाकून डावातून बाहेर पडलेलं असतं तेव्हा! लाइव्ह गेममध्ये बराचसा वेळ आपण हँडमध्ये नसतोच, तेव्हा सगळे फोन काढून बसतात आणि नेमकी शिकायची वेळ तिथेच जाते. कोण चिप्स कसे टाकतो, कोण किती वेळ घेतो, शोडाऊनला (शेवटी पत्ते उघडतात तेव्हा) काय निघालं, हे जुळवत बसावं लागतं, कंटाळवाणं काम आहे पण दुसरा रस्ता नाही.

अजून दोन तीन गोष्टी सांगतो. फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते) उघडला की पत्त्यांकडे बघू नका, ते कुठे पळून जात नाहीत, माणसांकडे बघा. फ्लॉप बघून ज्याची नजर झटकन स्वतःच्या चिप्सकडे गेली त्याला बहुतेक काहीतरी लागलंय. बोर्डवर, म्हणजे सामाईक पत्त्यांत, एकाच रंगाचे तीन पत्ते आले आणि कोणी आपले होल कार्ड्स (हातातले दोन पत्ते) पुन्हा उचलून बघितले तर त्याच्याकडे तयार फ्लश सहसा नसतो, दोन्ही पत्ते एका रंगाचे असते तर ते त्याच्या लक्षात असतं, तो बघतोय की आपल्याकडे त्या रंगाचा एखादा तरी आहे का. आणि क्षणात केलेला कॉल. त्याने रेझचा (बेट वाढवायचा) विचारच केला नाही, म्हणजे बहुधा ड्रॉ (अजून पूर्ण न झालेला फ्लश वगैरे) किंवा मधल्या ताकदीची जोडी. जुने खेळाडू हे मुद्दाम उलटं करून दाखवतात, त्यामुळे हे सगळं नवख्यांवर जास्त चालतं.

माझा खरा मुद्दा मात्र पुढचा आहे. टेल कितीही पक्का वाटला तरी तो हिशोबाच्या जागी येत नाही. समजा पॉटमध्ये (मधे जमलेल्या पैशांत) 100 आहेत आणि समोरच्याने 100 ची बेट लावली, तर तुम्ही 100 घालून 200 जिंकायला बघताय, म्हणजे तीनात एकदा तरी तो ब्लफ असला पाहिजे, तरच कॉल परवडतो. त्याने आतापर्यंत हँड कसा खेळला यावरून तुम्हाला ब्लफची शक्यता 30 टक्के वाटत असेल तर थरथर, नजर, वेळ यातली एखादी खूण तुम्हाला इकडे किंवा तिकडे ढकलू शकते, टेल तिथेच कामाचा. पण माणूस असा की रिव्हरवर (शेवटच्या सामाईक पत्त्यावर) कधी ब्लफच करत नाही, शक्यता 5 टक्के, तर त्याने कितीही वेळा मान खाजवली तरी फोल्डच करायचा.

2003 च्या वर्ल्ड सिरीज मेन इव्हेंटमध्ये ख्रिस मनीमेकर आणि सॅम फरहा शेवटचे दोघे उरले होते. मनीमेकरचा फ्लश हुकला, स्ट्रेटही (ओळीने पाच पत्ते) हुकला, हातात नुसता राजा, आणि त्याने रिव्हरला ऑल इन केलं, म्हणजे सगळे चिप्स लावले. फरहाकडे बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची, नवाची जोडी होती. फ्लश हुकला वाटतं, असं तो चक्क बोलून दाखवतो, म्हणजे संशय बरोबर जागी होता, आणि तरी विचार करून फोल्ड करतो. मनीमेकर नुसता गप्प बसून होता, आणि पुढे 25 लाख डॉलर घेऊन गेला. फरहासारख्या मुरलेल्या खेळाडूला मनातलं बरोबर असूनही कॉल करवला नाही, मग दोन व्हिडिओ बघून आलेल्या मुलाने नुसत्या डोळ्यांवर सगळे चिप्स लावावेत हे मला बघवत नाही.

त्यात आपण वाचलेलं बरोबर होतं का हे बऱ्याचदा कळतच नाही. तुम्ही फोल्ड केलं की समोरचा पत्ते न दाखवता डीलरकडे (पत्ते वाटणाऱ्याकडे) सरकवतो, विषय संपला. मग मनात राहतात फक्त ते कॉल जे बरोबर निघाले, आणि माणसाला वाटायला लागतं मला लोक वाचता येतात. म्हणून ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी शोडाऊनपर्यंत गेलेले हँड, त्यात आपल्याला काय दिसलं आणि पत्ते काय निघाले, हे घरी जाऊन लिहून ठेवावं, चुकलेले आधी.

पुढच्या वेळी पोकरवर लेख घ्याल तेव्हा एखाद्या डीलरशी जरूर बोला, तासनतास सगळ्यांचे हात त्याच्यासमोर असतात आणि त्याचा स्वतःचा एक पैसाही त्यात लागलेला नसतो.

आपला,
एक नियमित वाचक