‘हाय नून’मधली खरी लढाई चर्चमध्ये होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन काउबॉय सिनेमांवरचा लेख आवडला, पण त्यात ‘हाय नून’ला एकट्या शूर मार्शलची, म्हणजे गावच्या पोलीस अधिकाऱ्याची गोष्ट म्हणून दोन ओळीत उरकलंय ते अजिबात पटलं नाही. १९५२ चा हा सिनेमा मला तरी शौर्यापेक्षा भित्रेपणाचा वाटतो, आणि तोही गुंडांच्या नाही, चांगल्या घरातल्या सभ्य माणसांच्या भित्रेपणाचा.

शेवटचा गोळीबार सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला विचाराल तर चर्चचा सीन परत बघा. मार्शलने तुरुंगात धाडलेला गुंड फ्रँक मिलर सुटून सूड घ्यायला बाराच्या गाडीने येतोय, त्याचे तीन साथीदार स्टेशनवर थांबलेत, आणि मार्शल विल केन मदत मागायला प्रार्थनेच्या मधेच आत येतो. आधी काही जण उठतात पण, आणि मग चर्चा सुरू होते. कोण म्हणतं आम्ही टॅक्स भरतो ना, मग हे आमचं काम कसं, कोण म्हणतं हे केन आणि मिलरचं खाजगी भांडण आहे, आणि मग गावचा प्रमुख उठतो, केनचं तोंडभर कौतुक करतो आणि म्हणतो की उत्तरेकडचे लोक इथे पैसा गुंतवायचा विचार करतायत, रस्त्यावर रक्त सांडलं तर गावाचं नाव खराब होईल, तेव्हा केन तू जा. एकही जण म्हणत नाही की मला भीती वाटते. सगळ्यांकडे कारणं आहेत आणि ऐकताना ती बरोबरही वाटतात, हेच तर भयंकर आहे!

ही पटकथा लिहिणारा कार्ल फोरमन तेव्हा स्वतः त्यातून जात होता. शूटिंग चालू असतानाच, सप्टेंबर १९५१ मधे, कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याला हजर व्हावं लागलं. तो आधी कम्युनिस्ट पक्षात होता, पण बाकीच्यांची नावं द्यायला त्याने नकार दिला. निर्माता स्टॅनली क्रेमर त्याचा पार्टनर, त्याने संबंध तोडले, आणि फोरमनला इंग्लंडला जावं लागलं. केनचं काम करणारा गॅरी कूपर राजकारणात पक्का उजवा, १९४७ मधे याच समितीपुढे साक्ष देऊन आलेला, पण तो फोरमनच्या बाजूने बोलला, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

वेस्टर्न सिनेमांचा मोठा हिरो जॉन वेन, त्याला हा सिनेमा अमेरिकाविरोधी वाटायचा. तो आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी १९५९ मधे ‘रिओ ब्राव्हो’ काढून उत्तर दिलं, त्यात शेरीफ कुणापुढे हात पसरत नाही, तरी एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक कोवळा पोरगा त्याच्या बाजूने लढतात. गंमत बघा, ‘हाय नून’मधेही शेवटी मदतीला कोण तयार असतं तर एक डोळा गेलेला दारुडा आणि एक पोरगा, आणि केन त्या दोघांना परत पाठवतो! ‘रिओ ब्राव्हो’ मला सिनेमा म्हणून फार आवडतो पण उत्तर म्हणून पटत नाही, कारण त्यात गावाला कोणी विचारतच नाही, त्यामुळे हो किंवा नाही म्हणायची वेळ कुणावर येत नाही. फोरमनने तर सगळा सिनेमाच त्या वेळेवर उभा केलाय.

आणि हा सिनेमा फक्त हॉलिवूडच्या भांडणापुरता उरला नाही. ४ जून १९८९ च्या पोलंडच्या निवडणुकीत सॉलिडॅरिटी या सरकारविरोधी कामगार संघटनेच्या पोस्टरवर गॅरी कूपर होता, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. अमेरिकेत ज्याला कम्युनिस्टांचा सिनेमा म्हणून हिणवलं तोच तिकडे कम्युनिस्ट सरकारच्या विरोधात वापरला गेला.

पुढच्या लेखात फोरमनबद्दल जरूर लिहा. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ची पटकथा त्याने मायकेल विल्सनसोबत लिहिली, पण दोघंही ब्लॅकलिस्टवर, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून हॉलिवूडने काम बंद केलेल्यांच्या यादीत, म्हणून ऑस्कर मूळ कादंबरीच्या लेखकाच्या नावावर गेलं. फोरमन १९८४ मधे वारला, आणि ते ऑस्कर त्याच्या नावावर झालं त्यानंतरच.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक