ताई, तुम्ही बाजू बदललीत म्हणून

प्रिय ताई,

हे तुमच्यासमोर बसून सांगायला हवं होतं. पण तुम्ही समोर आलात की माझा गळा दाटतो आणि सांगायचं राहून जातं. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे.

स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर जो तो मला डावा हात जपायला सांगत होता. व्यायामासाठी गेले, तर तिथल्या शिक्षकाने फाइल चाळली आणि "तुम्ही फक्त चालत जा" म्हणून वाटेला लावलं. हात वर किती जातो, एवढंही विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. कारण हे घडलं कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये! याच शहरात १९९६ साली क्रीडावैद्यक डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोटीत, म्हणजे वल्ह्यांच्या लांबलचक अरुंद नावेत, बसवलं. अशा बाईने हाताला ताण दिला की तो कायमचा सुजतो, असा तेव्हा समज होता. त्या बायका महिनोन् महिने वल्ही मारत राहिल्या आणि एकीच्याही हाताला नवी सूज आली नाही. त्यांची 'अब्रेस्ट इन अ बोट' ही टीम उभी राहिली आणि पुढे जगभर अशा टीम निघाल्या. त्या शिक्षकाने सांगायला हवं होतं ते मला तुमच्याकडून कळलं, गणपतीच्या जेवणात, माझ्या पानात वरणभात वाढता वाढता.

इथल्या फॉल्स क्रीक खाडीच्या धक्क्यावर तुम्ही मला घेऊन गेलात. पुढे ढोल, मागे सुकाणू आणि मध्ये दहा बाकांवर जोडीजोडीने वीस बायका. मला रिकामी जागा मिळाली ती उजवीकडची. उजवीकडे पॅडल मारायचं तर डावा हात दांड्याच्या टोकावर, कपाळाच्याही वर न्यावा लागतो. माझा खांद्यापाशीच अडायचा. मी कुणाला काही बोलले नव्हते. तुम्ही माझ्या हाताकडे एकदा पाहिलंत, उठलात आणि म्हणालात, "सरक तिकडे, मला आज उजवीकडे बसायचंय."

आज नव्हे ताई, तुम्ही कायमच्या उजवीकडे बसलात. इतक्या वर्षांची बाजू सोडणं म्हणजे काय, हे मला पुढे कळलं. कंबर कुठे वळवायची, पाय कुठे रोवायचा, सगळं अंगाला नव्याने शिकवावं लागतं. शर्यतीत तुम्हाला मागच्या बाकावर जावं लागलं, तेही गेलात. कारण कुणाला सांगितलं नाहीत. समोरच्याची अडचण बघून जागेवरून उठणारी आणि त्याचा गवगवा न करणारी माणसं मला आयुष्यात फार थोडी भेटली. आणि जी भेटली, त्यांच्याच आधाराने मी आज उभी आहे.

चाळिशी उलटेपर्यंत मी कुठल्याच टीममध्ये नव्हते. शाळेतसुद्धा गुण लिहायला बसवायचे. आता नव्या बायकांना मी शिकवते. स्वतःच्या पॅडलकडे बघू नका, पुढे पहिल्या बाकावरचीच्या पॅडलकडे बघा. तिचं पाण्यात शिरलं की तुमचंही शिरलं पाहिजे, जोर नंतर. हे सगळं तुमचंच. पण त्याआधी, अजून धक्क्यावरच असताना, प्रत्येकीला हात वर करायला लावते आणि कुठे अडतो ते नीट बघते. बाजू त्यावरून ठरवते. गेल्या आठवड्यात एकीसाठी पूर्ण बाक बदलावा लागला. बदलला.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
डावीकडची