पार्किंगच्या कडेची भिंत गाडी अडवेल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या नव्या सोसायट्यांत गाड्या आता पोडियमवर, जमिनीपासून दोन-चार मजले वर उभ्या राहतात. रिव्हर्स घेताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, तर गाडी आणि खालचं आवार यांच्यामध्ये अनेक ठिकाणी उरते ती चार इंची विटांची किंवा ब्लॉकची भिंत. प्लास्टर आणि रंगामुळे ती भक्कम दिसते, पण गाडीचा धक्का धरून तिचं डिझाइन केलेलंच नसतं.

युरोकोडमध्ये, म्हणजे युरोपच्या बांधकाम-डिझाइनच्या मानकांत, यासाठी 1500 किलोची गाडी सेकंदाला 4.5 मीटर, म्हणजे ताशी साधारण 16 किमी वेगाने आदळते असं धरतात. गाडी स्वतः 100 मिमी चेपते. भिंत जराही हलली नाही, तर 150 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 15 टनांचं बळ 375 मिमी उंचीवर, दीड मीटर लांबीत बसतं. बुडाशी दर मीटरला 38 किलोन्यूटन-मीटर बेंडिंग मोमेंट, म्हणजे भिंतीला वाकवू पाहणारा जोर, येतो. सळई नसलेली चार इंची भिंत यातला अर्धा किलोन्यूटन-मीटरही धड पेलत नाही. शिवाय मोठ्या एसयूव्ही दोन टनांच्या घरात गेल्या आहेत. त्याच वेगाला त्यांचं बळ 200 किलोन्यूटन होतं, आणि त्यांचा बंपरही वर असतो.

यावर उपाय आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, भिंतीचा. जाडी 200 मिमी, आणि गाडीकडच्या बाजूला 12 मिमीच्या उभ्या सळया 150 मिमी अंतराने, एवढ्यात 38 चा मोमेंट बसतो. या सळया स्लॅब ओततानाच कडेच्या बीममध्ये पुरेशा लांबीने अडकवलेल्या हव्यात. खरी चूक इथेच होते: भिंत मजबूत करतात, पण तो मोमेंट खालच्या बीमला पिळतो हे कुणी तपासत नाही. बीमच्या रिंगा त्या पिळासाठी डिझाइन केलेल्या नसतील, तर भिंत अखंड राहून बीमच फाटेल.

जुन्या इमारतीत लोखंडी खांब आणि आडवी रेल बसवता येते. रेल 100 मिमी वाकू दिली, तर बळ निम्म्यावर, 75 किलोन्यूटनवर येतं. मात्र बेसप्लेटचे, म्हणजे खांबाच्या तळाच्या लोखंडी पाटीचे, बोल्ट स्लॅबच्या कडेला फार जवळ घेतले की काँक्रीटचा तुकडाच निघून येतो. केमिकल अँकरचं (चिकट रसायनाने काँक्रीटमध्ये बसवलेल्या बोल्टचं) भोक ब्रशने घासून, हवेने फुंकून साफ केलं नाही, तर धुळीमुळे पकडच बसत नाही. घाईत नेमकं हेच राहून जातं.

रबरी व्हील स्टॉपरवर कुणी विसंबू नये. त्याची उंची जेमतेम 100 मिमी, आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असेल तर गाडी त्यावर चढून पुढे जाते. तो गाडी कुठे थांबवायची हे सांगण्यापुरताच.

उताराच्या रॅम्पसमोरची भिंत तर वेगळीच बाब. 20 मीटरपेक्षा लांब सरळ उतार असेल, तर त्याच्या टोकासमोर दुप्पट बळ, तेही 610 मिमी उंचीवर धरावं लागतं.

इमारत मंजुरीच्या वेळी महापालिकांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून या कठड्याचा स्वतंत्र हिशेब मागावा. ताबा घेण्यापूर्वी रहिवाशांनीही बिल्डरकडून भिंतीच्या सळयांचं ड्रॉइंग मागून घ्यावं. असं ड्रॉइंगच नसेल, तर भिंतीला लागून असलेल्या जागांवर, दुरुस्ती होईपर्यंत, गाड्या लावू देऊ नयेत.

– एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठाणे