मा. शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: ॲलर्जीचं इंजेक्शन शाळेतच असू द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

माझ्या चौथीतल्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. आपल्याकडे दाणे टाळायचे तरी कसे? भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, संक्रांतीच्या लाडवात दाणे, बक्षीस म्हणून चिक्की. मागे मित्राच्या डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीचा एक घास त्याने खाल्ला. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला आणि बघता बघता धाप लागली. दवाखाना जवळ होता म्हणून वाचला.

अशा वेळी पहिलं औषध एकच: ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, लगेच. सेट्रिझिनच्या गोळीने खाज थांबते, आवळत चाललेला घसा मोकळा होत नाही. गांधीलमाशी चावूनही एखाद्या मुलावर हीच वेळ येऊ शकते.

हे औषध शाळेत ठेवा, अशी विनंती केली, तर मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, जीआर दाखवा, लगेच ठेवतो. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल." त्यांची भीती खरी आहे, आणि ती फक्त शासनच घालवू शकतं.

साहेब, हे औषध शाळेत येतच नाही असं नाही. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत ते लसीबरोबर शाळाशाळांत आलं होतं. लसीची अशी तीव्र प्रतिक्रिया दहा लाख डोसांमागे साधारण एखादीच, तरी त्या एकासाठी किट सज्ज ठेवतात, आणि गरज पडल्यास एएनएम ताईंना (लस देणाऱ्या आरोग्यसेविकांना) ॲड्रेनालिनचा एक डोस देण्याची मुभाही आहे. सत्र संपलं की किट परत जातं. डबा मात्र रोज उघडतो.

इंग्लंडमध्ये २०१७ पासून शाळांना ॲड्रेनालिनची तयार पेनं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकत घेऊन ठेवता येतात. पेनात डोस आधीच भरलेला असतो. घाबरलेल्या शिक्षकाला ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) फोडून मोजमाप करत बसावं लागत नाही. आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत, म्हणून खरेदी शासनानेच करावी. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी प्रशिक्षण द्यावं: लक्षणं कशी ओळखायची, १०८ ला फोन कधी करायचा, पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस कसा द्यायचा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही त्यात बसवा. आणि सद्भावनेने इंजेक्शन देणाऱ्या शिक्षकावर कारवाई होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहा.

आरोग्य खात्याशी बोलून हा जीआर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी काढा, एवढीच कळकळीची विनंती.

आपली,
एक पालक